फिरंगी देवळातला राब

जिवलीची आणि माझी ओळख एका सापामुळे झाली, आणि तो साप नव्हता.

माझी लेक हेमांगी पुरातत्त्वशास्त्रात एम.ए. करते. यंदा तिच्या विभागाचं उत्खनन नेमकं आमच्याच भागात निघालं. बोईसरहून कुंभवली ओलांडून तारापूरच्या बाजूला गेलं की आत एक टेकाड लागतं. त्यावर पोर्तुगीजांच्या काळातल्या एका मोठ्या चर्चचे अवशेष आहेत. दोन उंच भिंती, अर्धी कमान आणि बाकी सगळं झुडपांत. गावात त्याला फिरंगी देऊळ म्हणतात. मुलगी पुण्याला शिकायला गेली तेव्हा वाटली नव्हती एवढी काळजी मला ती घरापासून आठ किलोमीटरवर खड्ड्यात बसायला लागल्यावर वाटू लागली. पडकी भिंत, ऊन, विंचू, काय काय मनात येई. शेवटी डबा द्यायचं निमित्त करून मी तिसऱ्याच दिवशी रिक्षा धरली. पोचले तर हेमा खड्ड्यात पाठमोरी बसलेली आणि तिच्या पाठीमागे काहीतरी लांब, पिवळट, वळवळणारं. मी किंचाळलेच.

खड्ड्याच्या काठावरची एक काटकुळी बाई उठली. अनवाणी पायाच्या अंगठ्यात तिने तो साप पकडला आणि माझ्यासमोर वर उचलला. मोजमापाची सुतळी होती. वाऱ्याने हलत होती.

"सुतळी हाय, बाय," ती म्हणाली. "चावली तर मोजून चावंल."

सगळी पोरं हसली. हेमा मात्र माझ्याकडे बघायलाच तयार नव्हती. "आई, उद्यापासून डबा नको," एवढंच म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी परत गेले.

ही जिवली. वारली समाजाची, टेकाडाच्या मागच्या पाड्यावर राहणारी. वय विचारलं तर म्हणे, "पोरगी लग्नाची झाली, एवढा माझा वय." पाड्याखाली तिचं लहानसं खाचर आहे. पावसावर भाताचं एक पीक निघतं. भात घरात आलं की नवरा विनोद सातपाटीला बोटीवर खलाशी म्हणून जातो, तो होळीलाच घरी. मुलगी तेजल लग्न होऊन विक्रमगडकडे गेली. पूर्वी जिवलीही वीटभट्टीवर जायची. आता गुडघे दुखतात. म्हणून ती खोदकामावर आली, असं मला आधी वाटलं होतं.

मी तिला 'तुम्ही' म्हटलं तेव्हा तिने वळून मागे बघितलं. "माझ्या मागं कोन हाय?" त्यांच्या बोलीत अहो-जाहो नाही. लहान-मोठं, ओळखीचं-परकं, सगळ्यांना तू. पुण्याहून आलेल्या चंद्रकांता मॅडम या उत्खननाच्या प्रमुख. तीस वर्षं हेच काम करणाऱ्या. त्यांनासुद्धा ती 'तू' म्हणायची आणि मॅडमना ते आवडायचं.

मॅडम तिच्या कामावर खूश होत्या. मुलं लहान थापीने माती खरवडत आणि थर कुठे बदलला यावर वाद घालत. जिवली खड्ड्यात उतरायची, टाच रोवायची आणि म्हणायची, "हितून ही माती येगळी. ही कोनी आनून टाकलेली हाय." बहुतेक वेळा तसंच निघायचं. हेमाच्या वर्गातला प्रणव तिला चिडवायचा, "मावशी, तुमच्या टाचेलाच एम.ए. देऊन टाकू." ती म्हणायची, "दे. पन पाय मी घरी नेनार."

माझ्या हेमाला तिने पहिल्या आठवड्यातच ताब्यात घेतलं होतं. टोपी घालायला मी दहा वेळा सांगितलं तर ऐकलं नव्हतं. जिवलीने नुसता आपला ओला फडका तिच्या डोक्यावर टाकला आणि हेमा तशीच बसून राहिली. एकदा उन्हाने तिला मळमळलं तेव्हा जिवलीने घरून नाचणीची आंबील आणून पाजली. मी दुपारी पोचले तोवर कन्यारत्न ठणठणीत. "तुजी पोर खड्ड्यात हाय, बाय, विहिरीत नाय," ती मला म्हणाली. "किती येशील?"

ती खरंतर कशासाठी कामावर आली होती, ते मला महिन्याभराने कळलं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी कमानीच्या सावलीत बसलो होतो. तिने सहज हात करून दाखवलं, "हितं आमचा राब."

माझं माहेर घिवलीचं. नारळाची आणि चिकूची वाडी. लहानपणी एप्रिलमध्ये पूर्वेकडच्या डोंगरांवर धूर दिसायचा. राब भाजतायत म्हणून घरात सांगायचे आणि धूर आपल्याकडे आला तर खिडक्या लावायचे. आमचा राबाशी संबंध एवढाच. जिवलीने मला नीट सांगितलं. शेणाचा थर द्यायचा, त्यावर झाडाच्या तोडलेल्या डहाळ्या, त्यावर पाचोळा, मग गवत, आणि सगळ्यात वर बारीक माती. मग आग लावायची, तीही वाऱ्याच्या उलट्या अंगाने, म्हणजे ती भडकत नाही, धुमसत सरकते. खालची जमीन भाजते, तणाचं बी मरतं, राख उरते. त्यात भात पेरलं की रोप जोमाने येतं, आणि ते उपटून खाली खाचरात लावायचं. राबाला जागा उंचावरची लागते, पाणी न तुंबणारी. देवळाच्या दोन भिंतींमधली जागा तर सोन्यासारखी. वाऱ्याला आडोसा, बकऱ्यांना अडथळा. जिवलीच्या सासरचं घर पिढ्यान्पिढ्या तिथेच राब भाजत आलं होतं. जमीन सरकारी आणि कागदावर त्यांचं नाव कुठेच नाही. नुसती वहिवाट.

आणि नेमका तिथेच हेमाचा खड्डा होता.

"मग यंदा?" मी विचारलं.

"म्याडम बोलली, होळी झाली का खड्डा भरून जागा देते. मी रोज येते ना बघायला, भरतात का नाय ते."

म्हणजे मी लेकीवर नजर ठेवायला येत होते आणि ती जमिनीवर.

फेब्रुवारीच्या शेवटी हेमाच्या खड्ड्यात काळा थर लागला.

या चर्चबद्दल कागदोपत्री फार थोडं सापडतं, असं हेमा सांगते. साधारण चारशे वर्षांपूर्वी बांधलं, शिंपल्यांच्या चुन्यात. मग मराठ्यांच्या वसई मोहिमेत पोर्तुगीज इथून गेले आणि त्यानंतर कागद गप्प. चर्च त्या धामधुमीत जळलं असावं, असा एक जुना अंदाज होता. पुरावा नव्हता. आणि आता तिच्या खड्ड्यात बोटभर जाडीची काळी रेघ, तिच्याखाली भाजून लाल झालेली माती! कोळसा हाताला लागत होता. त्या दिवशी मी तिथेच होते. हेमा खड्ड्यातून उडी मारून वर आली आणि तिने जिवलीचे दोन्ही हात धरून तिला गरागरा फिरवलं.

"मावशी, जळलं होतं! देऊळ जळलं होतं! मला सापडलं!"

"जळला आसंल," जिवली म्हणाली. ती हसत होती, पण फिरून झाल्यावर खाली बसली ती बराच वेळ उठली नाही.

मॅडम तेव्हा पुण्याला गेल्या होत्या. हेमाने फोन केला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. मॅडम म्हणाल्या, घाई करू नका, मी पुढच्या रविवारी येऊन बघते. पण खरंच जळिताचा थर असेल तर खड्डा बुजवायचा नाही, वर पत्र्याची शेड घालू, कुंपण करू, अजून दोन वर्षांची परवानगी मागू. प्रणवने शिट्टी मारली. "हेमांगी, तुझा तर प्रबंधच निघाला यातून. आमच्या नशिबी नुसती कौलं."

त्या दिवसापासून जिवली आमच्यात जेवायला बसेना. भाकरी घेऊन झाडाखाली एकटीच जाऊन बसायची. खड्ड्यात उतरली तरी टाच रोवायची नाही. मुलांनी विचारलं, मावशी, थर बदलला का, तर म्हणायची, "तुमी शिकलेले, तुमी बघा." गुरुवारी मी तिच्यामागे झाडाखाली गेले. मला वाटलं, जागा जाणार म्हणून दुःखात आहे. तसं म्हटलंही.

ती भाकरी मोडत राहिली. मग म्हणाली, "ती देवळाची राख नाय, बाय. ती आमची राख हाय."

मला पटकन कळेना.

"राब हाय तो. जुना. मी पयल्या दिशी वळखला. वास नाय, रंग नाय, पन माती खाली कशी भाजली ते बघ. घर जळला तर अशी सरळ भाजल काय? आमी भाजतो तशी भाजलीय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"पोर नाचली ना तुजी." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "मी तिचा नाच कसा मोडू? आनि सांगितला तर काय म्हनतील? म्हातारीला जागा पायजे, म्हनून खोटा बोलते. तो सुतळीवाला पोरगा बोलंलच." सुतळीवाला म्हणजे मोजमापाची सुतळी धरणारा प्रणव. "माझा फायदा हाय ना त्यात. फायद्याची साक्ष कोन घेल?"

ती उठून कामाला गेली.

खरं सांगायचं तर मी दोन दिवस काहीच केलं नाही. हेमाला सांगायला हवं होतं, पण घरी ती इतक्या आनंदात होती. वहीत आकृत्या काढत होती, पप्पांना मोहिमेची सनावळी ऐकवत होती. बारावीनंतर हे पुरातत्त्व कशाला, नोकरी कुठे मिळणार, असं मीच तिला कितीदा बोलले होते. आता कुठे ती जिंकली होती, आणि मीच जाऊन तिला सांगू की हे तुझं नाही? दुसऱ्या बाजूला जिवलीचं खाचर. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर पावसाळा कोरडा. कुंपण एकदा पडलं की कागद नसलेल्या बाईला आत कोण सोडणार? शनिवारी संध्याकाळी मी पोळ्या लाटता लाटता सांगून टाकलं.

हेमा आधी हसली. मग चिडली. "आई, तू राब भाजलायस कधी?"

"नाही."

"बघितलायस?"

"धूर बघितलाय."

"मग?"

"मग तिला विचार. तिने भाजलाय."

ती वही घेऊन आत गेली. अर्ध्या तासाने बाहेर आली तेव्हा तिचा आवाज बदलला होता. वहीतलं एक पान तिने माझ्यासमोर धरलं. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं की चर्चच्या जमिनीवर पडलेल्या कौलांचा थर आहे, कौलं काळवंडलेली नाहीत, त्यावर दीड वीत माती, आणि त्या मातीच्या वर काळा थर.

"कळलं का तुला?" ती म्हणाली. "आग कौलांच्या वर आहे. म्हणजे छप्पर आधी पडलं, मग त्यावर माती साचली, मग आग. छप्पर जळून पडलं असतं तर कोळसा कौलांखाली हवा होता. मी हे स्वतः लिहिलंय आणि स्वतः वाचलं नाही." ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. पोळी मात्र एकच खाल्ली.

रविवारी मॅडम दुपारी येणार होत्या. हेमा सकाळी सातलाच पाड्यावर पोचली. अर्थात मीही बरोबर. जिवली अंगण झाडत होती.

"मावशी, तू मला सांगायचंस ना," हेमा म्हणाली.

"तू विचारला कुटं?"

"आता विचारते. राब कापून दाखव."

जिवलीने झाडू ठेवला. पाड्याच्या वरच्या अंगाला तिच्या दिराचा राब होता. दरवर्षी एकाच जागी भाजलेला. कोयत्याने तिने त्याची कड केक कापावा तशी उभी कापली. पांढरट राख, काळी रेघ, लालसर माती. खाली पुन्हा पांढरट, काळी, लाल. हेमा पोटावर पडून बघत राहिली. मग आम्ही देवळात गेलो. हेमाने खड्ड्याच्या भिंतीवर पाणी शिंपडलं आणि थापीने ती अलगद तासली. बोटभर वाटणारा थर एक नव्हताच. कागदाच्या घड्यांसारख्या बारीक रेघा एकावर एक बसलेल्या होत्या.

"एक राब, एक साल," जिवली म्हणाली.

हेमा मोजत गेली. एकोणीसपर्यंत स्पष्ट दिसत होत्या, पुढे एकमेकींत मिसळल्या होत्या. एका रेघेत तिला अर्धवट जळलेलं पान मिळालं. जिवलीने ते तळहातावर घेतलं. "ऐनाचा पाला. राबाला आमी हाच तोडतो," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा त्या आठवड्यात टाच मातीत रोवून नीट उभी राहिली.

मॅडम आल्या. शेडचा नकाशा त्यांच्याकडे तयार होता. हेमा पुढे झाली. "मॅडम, माझं चुकलं. हा राबाचा थर आहे. जिवलीमावशीने ओळखला."

प्रणव काहीतरी बोलणार होता. त्याआधीच जिवली बोलली, "म्याडम, तू माझा ऐकू नको. मला जागा पायजे हाय, माझा फायदा हाय ह्याच्यात. तू दुसऱ्या पाड्यावरच्या मानसाला आन, त्याला इचार."

मॅडम खड्ड्यात उतरल्या, साडीसकट मातीत बसल्या आणि भिंत बघू लागल्या. आम्ही सगळे काठावर उभे. हेमाची वही त्यांनी मागून घेतली, कौलांचं पान वाचलं.

"दुसरा माणूस कशाला?" त्या म्हणाल्या. "कौलं साक्ष देतायत. त्यांचा काही फायदा नाही." मग जिवलीकडे मान वर करून विचारलं, "किती पिढ्या इथे भाजताय?"

"माझ्या सासूची सासू भाजत होती. त्याच्या आदीचा मला म्हायीत नाय."

"ते यात आहे," मॅडम भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या. "पाद्री गेल्यावर इथे दोनशे-अडीचशे वर्षं काय चाललं होतं, एकाही कागदात नाही. कोळसा तपासायला पाठवू. सगळ्यात खालचा राब किती जुना ते कळेल." हेमाला त्या म्हणाल्या, "जळिताची बातमी गेली तुझी. वाईट वाटतंय?"

"हो," हेमा म्हणाली.

"वाटू दे. आजची संध्याकाळ वाटू दे. उद्या राबावर लिहायला लाग."

मग जागेचा सौदा सुरू झाला, आणि तो बघायला मजा आली. तपासणीचे निकाल येईपर्यंत मॅडमना थरांची एक भिंत राखायची होती.

"चार हात रुंद पट्टा ठेवते."

"चार हातात माझी पन्नास जुडी रोपा व्हतात. एक हात."

"एक हाताची भिंत पावसात पडेल, जिवलीबाई."

"मंग दोन. आनि कडेला, मदी नाय."

"कडेला. दोन."

"कुंपन?"

"कुंपण नाही."

जिवलीने पदराने तोंड पुसलं. तिला एवढंच ऐकायचं होतं.

होळीनंतर खड्डा भरायला घेतला. आता ती मुकादम आणि विद्यार्थी मजूर. खणलेल्या मातीचा एकच ढीग असेल असं मला वाटलं होतं. पण वरची काळी, राखेची माती कमानीपलीकडे वेगळी रचलेली होती. पहिल्या दिवसापासून ती पाट्या तिकडे वळवत होती आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. खालची माती खाली गेली, वरची वर. तळाला प्लास्टिक अंथरायची पद्धत असते म्हणे. ते तिने साफ नाकारलं. "पानी कुटं जाईल?" मॅडमनी मग फक्त यंदाच्या सालाचं एक नाणं तळाशी टाकलं.

"ते कशाला?"

"पुढे कोणी खणलं तर त्याला कळावं की आपण इथवर खणलं होतं."

"पुढच्याला सांगायचाच हाय तर नीट सांग ना," जिवली म्हणाली. "राब हाय, खनू नको."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात राब भाजला. विनोद सातपाटीहून आलेला होता. त्याने आणि हेमाने पाचोळा पसरला. आग लावायच्या वेळी हेमा वाऱ्याच्या बाजूने गेली, तेव्हा जिवलीने तिला दंडाला धरून उलट बाजूला नेलं. मी पाण्याची बादली घेऊन भिंतीपाशी उभी होते.

"बाय, तू भाजायला आली का इझवायला?"

"ठिणगी उडाली तर?"

"उडत नाय."

उडाली नाही. आग मातीखालून संथ सरकत गेली, धूर दोन भिंतींच्या मधून सरळ वर चढला. डोळे चुरचुरत असूनही हेमा वहीत काहीतरी लिहीत होती, किती वेळात किती सरकली, असंच काहीतरी. मला मात्र वेगळीच शंका. खणून भरलेली जमीन अजून बसलेली नव्हती. पाऊस पडल्यावर ती खचली तर? रोप पिवळं पडलं तर? न राहवून मी जिवलीला विचारलंच.

तिने थोडा वेळ खरोखर विचार केला. "ह्या साली सांगता नाय येनार," ती म्हणाली. "माती हलली हाय. अर्धा येल, अर्धा नाय."

"आणि अर्ध्यात भागलं नाही तर?"

"तर तुजी पोर हाय ना," ती हेमाकडे हनुवटी करत म्हणाली. "तिलाच लावीन चिखलात. उंच हाय चांगली."